खाजेची गोळी

झुंबरबाईंनी भावाचं नाक पाहिलं आणि हातातली कुरडई ताटात परत ठेवली.

भगवानराव ओसरीतल्या खाटेवर लोडाला टेकून बसले होते. पुढ्यात आमरसाची वाटी. एक घोट घेत, डोळे मिटत आणि मग बोटानं नाकाचा शेंडा खाजवत. मग वरचा ओठ, मग पुन्हा नाक. चेहऱ्यावर असं समाधान, की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण जणू एकट्या त्यांच्यासाठीच उगवला होता. आत देवघरापुढे दयारामच्या नावाची पहिलीच घागर भरलेली. थोरला मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि बाप खुशाल डुलक्या घेत नाक खाजवतो आहे, हे झुंबरबाईंच्या गणितात बसेना.

झुंबरबाई त्यांची थोरली बहीण. सुलतानपूरहून एसटीत बसल्या तेव्हाच त्यांना संशय आला होता. कशाचा, ते भावाच्या गावी, धाडला, उतरल्यावर ठरवायचं होतं. आता ते ठरलं.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. भावजय विमलबाई पोळ्या लाटत होत्या.

“विमल, भगवान कदीपासून नाक खाजवून राह्यला?”

“पाठीत नळी बसवली तवापासून, अक्का. औषधाची खाज हाय म्हणते प्रेरणा.”

“प्रेरणा म्हणते.” झुंबरबाईंनी हे दोन शब्द असे काही उच्चारले, की पुढे बोलायची गरजच नव्हती. तरी त्या बोलल्या. “होळीले मी आलते, तवा हाच मानूस कुशीवर वळता वळत नव्हता. रस्त्यावरचे लोक थांबून आयकत त्याचं वरडनं. कॅन्सर मनक्यात उतरला, आता काही होत नाही, असं डाक्टरच म्हनले ना? मंग आता आमरस खाते कसा? हासते कसा?”

“दुखनं थांबलं म्हून हासतात. तुमाले बरं नाही वाटत?”

“बरं वाटते. म्हून तं भेव वाटते मले.” त्या विमलबाईंच्या अगदी जवळ सरकल्या. “माय कापूस वेचाले जाये, तवा धाकल्या भावाले बोटावर अफू चाटवे. लेकरू झोपलं पाह्यजे ना दिवसभर! तवा सगळ्याच बाया चाटवत. असंच नाक खाजवे ते पोट्टं. खाजवता खाजवता झोपे. एक दिस झोपलं ते उठलंच नाही. म्या त्याच्या बाजूले बसेल होती, विमल. मले ते नाक अजून दिसते.”

विमलबाईंचं लाटणं थांबलं. नणंदेच्या त्या धाकट्या भावाची गोष्ट त्यांना लग्न होऊन आल्यापासून पाठ होती. म्हणूनच तर त्यांनी सुनेला बजावलं होतं, की अक्का आल्या तर अफूचं नाव काढू नको, घर डोक्यावर घेतील. आता अक्का घर डोक्यावर घेणारच होत्या, तर निदान त्यात आपलं नाव नको, असा साधासुधा विचार त्यांनी केला आणि पोळी तव्यावर टाकली.

पंगत बसली. वाढायला प्रेरणा होती, दयारामची बायको. नवरा गेल्यावर माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, ती गेली नाही. शेतातल्या हिरव्या जाळीखाली मिरचीच्या बियाण्याचं काम तिनं आपल्या अंगावर घेतलं. चिमट्यानं कळी उघडायची, त्यातले नर-केसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. दिवसभरात हात एकदाही थरथरून चालत नाही. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचे हात पाहिले आणि नळीतून औषध सोडायला तिलाच शिकवलं. तेव्हा सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला होता. आता तेच हात डोळ्यांत खुपायला लागले होते.

“प्रेरणे,” झुंबरबाईंनी विचारलं, “त्या नळीतून काय सोडतं तू माह्या भावाच्या अंगात?”

“दुखण्याचं औषध, आत्याबाई.”

“त्याले नाव नाही का?”

प्रेरणानं सासूकडे पाहिलं. सासूनं तुपाच्या भांड्याकडे पाहिलं.

“मॉर्फिन म्हणतात.”

“ते कायपासून होते?”

इथं खोटं बोलता आलं असतं. पण प्रेरणाला खोटं बोलायचा कंटाळा होता. एक खोटं बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं. ती म्हणाली, “अफूपासून.”

झुंबरबाईंनी ताट पुढे सारलं. दोन्ही हात मांडीवर आपटले आणि देवघराकडे पाहून म्हणाल्या, “पाह्य रे दयाराम! तुह्या घागरीसमोर सांगून राह्यली!”

धाकट्या मुलाचा, भागवतचा, घास हातातच राहिला. “वहिनी, हे तुमी मले सांगतलं नाही.”

“भाऊजी, तुमी होते की तिथं. डॉक्टरबाई सांगतच होत्या. खाज येईल, लघवी अडेल, झोप येईल, पोट साफ होणार नाही, सगळं सांगितलं त्यांनी.”

भागवत तिथं होता हे खरं. पण मणक्याची सुई पाहून त्याला घेरी आली होती आणि पुढचं सगळं त्यानं दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून काढलं होतं. हे घरात कोणाला माहीत नव्हतं. आता सांगायची ही वेळ नव्हे असं त्याला वाटलं.

“आईंनाही ठाऊक आहे,” प्रेरणा म्हणाली. “आई, सांगा ना.”

“मले काय कळते त्यातलं?” विमलबाई म्हणाल्या. “तू सांगशीन ते खरं.”

प्रेरणानं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिला रडू आलं नाही, राग आला. एवढ्या दिवसांत सासूच्या हाताला हात लावून जे काही केलं, ते सासूनं एका वाक्यात झटकून टाकलं होतं.

“अन् दार काऊन लावतं औषध देताना?” झुंबरबाई थांबायला तयार नव्हत्या.

“धूळ जाते, आत्याबाई. नळीत जंतू गेले तं मणक्यात पू होईल.”

“आमच्या डोयांतून कोनते जंतू जातात? पाहू दे ना आमाले! भागवत, ते नळी काढून टाक. आजच.”

“नळी काढशीन,” ओसरीतून भगवानरावांचा जड आवाज आला, “तं मले त्या आधी हिरीत टाक, बाई. खाज येते तं येऊ दे. खाजेनं कोनी मरते का?”

मग भागवतनं घरचा कर्ता असल्यासारखा घसा साफ केला आणि सांगितलं, “आज सण हाय. सकाळी बाबाले औरंगाबादले नेतो. डॉक्टरबाईले म्हनतो, हे अफूचं नाही पाह्यजे आमाले. नळी काढून द्या.”

नळी काढली की काय होईल, हे त्या घरात फक्त प्रेरणाला नीट माहीत होतं. होळीच्या वेळी रात्रंदिवस मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती. तेव्हा या गोळा झालेल्या लोकांपैकी एकेक जण काहीतरी काम काढून शेतात जायचा.

*

जेवणं झाल्यावर झुंबरबाई भावाच्या उशाशी बसल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि कनवटीच्या पिशवीतून एक गोळी काढली. अंगावर पित्त उठलं की त्या हीच घेत. सुलतानपूरच्या मेडिकलवाल्याची गोळी, घेतली की खाज जाते आणि झोपही छान लागते. त्यांचा विचार अगदी सरळ होता. खाज थांबली की अफूचा अंमल उतरेल. भाऊ शुद्धीवर येईल, आणि शुद्धीवर आला की आपणच म्हणेल, बाई, वाचवलं तू मले.

“घे. माह्या हातची हाय. अन् कोनाले सांगू नोको.”

भगवानरावांनी गोळी तोंडात टाकली. बहिणीचा हात काही सोडला नाही. झुंबरबाईंना जरा भरून आलं. लहानपणी नदीवर तो असाच हात धरून चालायचा. आता तो हात नुसता हाडांचा झाला होता. त्या बराच वेळ बसल्या आणि मग त्यांनाही डुलकी यायला लागली म्हणून आत जाऊन आडव्या झाल्या.

भागवत संधी पाहूनच होता.

त्याच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. अफू ही आत्याची भीती होती. त्याची भीती हिरव्या जाळीची होती. नळी बसवून घरी आल्यावर बाबा एकदा हसत हसत बोलून गेले होते, “ते जाळीखालची जमीन प्रेरणाची, बरं का.” तेव्हा ते शुद्धीत होते की औषधाच्या गुंगीत? आणि गुंगी होती, तर ती कोणाच्या हातची? भागवत वाईट माणूस नव्हता. भावाच्या बायकोबद्दल असं मनात येतं याची त्याला लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून संशय जातो असं थोडंच आहे? उलट लाज वाटायला लागली की तो आणखी आत जाऊन बसतो.

बायको अपेक्षा बाळंतपणाला माहेरी. बोलायला कोणी नाही. काल बाजाराच्या गर्दीत त्यानं मेडिकलवाल्याला विचारलं, की म्हाताऱ्या माणसाला खाज येते, काय द्यावं. मेडिकलवाल्यानं आजार विचारला नाही, यानं सांगितला नाही. खाज गेली की गुंगीही जाईल आणि बाबांना शुद्धीत विचारता येईल, असा त्याचा हिशेब होता.

“बाबा, हे घ्या. खाजेवरची हाय.”

“तूबी आनली?”

“म्हंजे?”

“काही नाही. दे.”

“वहिनीले सांगू नका.”

भगवानराव हसले. गोळी गिळली आणि मुलाच्या मनगटावर हात ठेवून पडून राहिले. दयाराम गेल्यापासून बापलेक इतक्या जवळ बसले नव्हते. भागवतला विचारायचं होतं, की बाबा, जाळीची जमीन खरंच दिली का. शब्द ओठावर आले. पण बापाचे डोळे मिटत चालले होते, आणि आजारी माणसाला जमिनीचं विचारणारा मुलगा कसा दिसतो हे त्याला माहीत होतं. तो उठून विहिरीवरची मोटार चालू करायला शेतात गेला.

*

भांडी आवरून प्रेरणा ओसरीत आली तेव्हा ऊन अंगणाच्या अर्ध्यावर होतं. भगवानराव एका कुशीला कलंडले होते. तोंड किंचित उघडं होतं.

“मामाजी.”

डोळे अर्धे उघडले, मिटले.

“मामाजी! पाणी पेता का?”

या वेळी नुसती पापणी हलली. तिनं पोटावर हात ठेवला. ओटीपोट फुगून टणक झालं होतं. सकाळपासून लघवी झाली नव्हती, तिनं दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी ‘होईल गं’ म्हणून उडवून लावलं होतं. मग ती छातीकडे पाहत राहिली. छाती वर आली. खाली गेली. आणि पुढचा श्वास लवकर येईना.

तिनं फोन लावला आणि त्याच दमात मोठ्यानं हाक मारली, “आई! आत्याबाई! भाऊजीले बोलवा!”

झुंबरबाई आल्या, भावाला पाहिलं आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो शेजारच्या तीन घरांनी ऐकला. “चारली! जास्त चारली! जेवताना बोलली मी, त्याचा राग काढला हिनं!”

भागवत शेतातून पळत आला. तो आधी बापाकडे गेला नाही. कपाटातून औषधाची शिशी काढून उजेडात धरली. ती किती भरलेली होती हे त्याला माहीत नव्हतं, किती असायला हवी होती तेही नाही. तरी तो पाहत राहिला. “वहिनी, खरं सांगा. किती दिलं?”

“रोजचं तेवढंच. सकाळी.”

“मंग असं काऊन झालं?”

“ते मले ठाऊक असतं तं फोन काऊन लावला असता?”

फोन लागला. औरंगाबादच्या डॉक्टर मलिहा. सणाच्या दिवशीही त्यांनी दुसऱ्या घंटीला उचलला. प्रेरणानं फोनचा आवाज मोठा केला आणि खाटेवर ठेवला, म्हणजे कोणी म्हणायला नको की चोरून काय बोलली.

“प्रेरणाताई, घाबरू नका. बसतं करा त्यांना, पाठीला उशी द्या. घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. मोठ्यानं मोजा.”

प्रेरणानं मोजले. विमलबाईही ओठ हलवत मोजत होत्या. आकडा दहाच्या थोडा वर गेला आणि मिनिट संपलं.

“हाकेला ओ देतात?”

“हलवलं की देतात.”

“ठीक. एकशेआठला कुणीतरी फोन लावा, बुलडाण्याला न्यावंच लागेल. आता ऐका. तुमच्या पेटीत मी उताऱ्याचं इंजेक्शन दिलंय, आठवतं? मांडीत द्यायचं. ते दिलं तर झोप उतरेल. पण औषधाचा सगळा असर उतरेल. दुखणं परत येईल, एकदम. म्हणून गरज असेल तरच.”

एकदम, हा शब्द ओसरीत सगळ्यांनी ऐकला. होळीचं ते ओरडणं कोणीच विसरलं नव्हतं.

“श्वास आणखी कमी झाले तर लगेच द्यायचं, मला विचारायचं नाही. पण त्याआधी एक सांगा. रोजच्या औषधानं आजच असं व्हायचं कारण काय? दुसरं काही पोटात गेलंय का? झोपेची गोळी, सर्दीची, खाजेची? खाजेच्या गोळीनं यांची झोप दुप्पट होते, श्वास मंदावतो, लघवी पार अडते. मी सांगितलं होतं, मला विचारल्याशिवाय द्यायची नाही म्हणून. गोळीमुळे असेल तर आपण लक्ष ठेवून थांबू शकतो. काहीच दिलं नसेल, तर मग औषधच जास्त गेलंय असं मी धरेन, उतारा द्यावा लागेल, आणि नळीचाही विचार करावा लागेल.”

अंगणात कावळा ओरडत होता. झुंबरबाईंचा हंबरडा मध्येच कुठे गेला ते कळलं नाही.

“कुणी आहे का तिथं?” डॉक्टरांनी विचारलं.

“म्या दिली एक,” विमलबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. “सकाळी. आंघोळीच्या आधी. अक्का येनार होत्या. यायनं नाक खाजवलेलं पाह्यतील म्हून दिली. माह्याच डब्यातली होती.”

भागवतनं शिशी हळूच कपाटावर ठेवली. “मीबी दिली. जेवल्यावर.”

“तू?” झुंबरबाई म्हणाल्या, आणि मग सगळे आपल्याकडे का पाहतात हे त्यांच्या लक्षात आलं. भावाची छाती त्यांच्या डोळ्यांसमोरच वर-खाली होत होती, आणि ते सावकाश वर-खाली होणं त्यांनी एकदा आधी पाहिलं होतं. “हाव. एक माही. पित्ताची.” आणि मग इतक्या बारीक आवाजात, की त्यांचा वाटेना, “मी तं चांगल्यासाठी दिली व.”

“तीन गोळ्या,” डॉक्टर म्हणाल्या. “प्रेरणाताई, तुम्ही रोजचंच दिलं ना?”

आता सगळे प्रेरणाकडे पाहत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्या नजरेत संशय नव्हता. भागवतची मान खाली होती. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. हात खरा होता, गरम होता. प्रेरणाला वाटलं, आता नुसतं ‘हो’ म्हटलं तरी पुरे. खोटंही होणार नाही. औषध रोजचंच दिलं होतं.

पण पहाटे घागर भरायच्या आधी, डॉक्टरांचा फोन लागेना तेव्हा, तिनंही एक दिली होती. नियम पाठ असून दिली होती. दिवसभर पाहुण्यांसमोर मामाजी नाक खाजवत बसतील आणि चार तोंडं चार गोष्टी बोलतील, या एकाच भीतीनं. ‘आईंना सांगू नका’ असं म्हणून दिली होती. आता ती गप्प बसली तर या घरात तिचं राज्य होतं. जमीनही तिची, नळीही तिची, आणि यापुढे झुंबरबाईसुद्धा तिच्यासमोर आवाज चढवणार नव्हत्या.

मामाजींची छाती वर आली.

“औषध रोजचंच दिलं,” ती म्हणाली. “पण खाजेची गोळी मीही दिली. पहाटे.”

सासूचा हात पाठीवरून निघाला.

मग डॉक्टर मलिहांनी लांब श्वास सोडला. “चार. बरं झालं बोललात. सगळेच. उतारा हाताशी ठेवा, पण आत्ता देऊ नका. दर थोड्या वेळानं श्वास मोजायचे. आणि त्यांना झोपू द्यायचं नाही. बोलतं ठेवा. काहीही बोला, पण बोलतं ठेवा.”

झुंबरबाई प्रेरणाकडे पाहत होत्या. “म्हंजे तूबी आमच्यातलीच निघाली,” त्या म्हणाल्या. त्यात राग किती आणि दिलासा किती हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

बोलतं ठेवा म्हणणं सोपं होतं. सगळे खाटेभोवती बसले आणि कोणालाही काही सुचेना. एकमेकांबद्दल बोलायची सवय होती, एकमेकांशी बोलायची मोडून गेली होती. विमलबाईंनी विचारलं, “अहो, आमरस गोड होता का?” त्यांनी ‘हं’ केलं आणि मान टाकली. झुंबरबाईंनी लहानपणीची नदी काढली, तीही त्यांना अंगाई गायल्यासारखी लागली. डोळे पुन्हा मिटले.

“बाबा!” भागवत एकदम ओरडला. “जाळीखालची जमीन कोनाची?”

विमलबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एरवी त्यांनी थोबाडीतच दिली असती. पण भगवानरावांचे डोळे उघडले होते. पूर्ण.

“काऊन रे?”

“सांगा ना. कोनाची?”

“प्रेरणाची.” जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ. “दयारामच्या वाट्याची हाय. मंग तिचीच ना?”

“अन् मले?”

“तुले हिरीजवळचं. बारमाही पानी हाय त्याले, गध्या.” भगवानराव दमले, थांबले, मग कपाळाला आठी घालून मुलाकडे पाहिलं. “अफूनं बोलत नाही मी. होळीच्या आधीच ठरोलं होतं. तुले इचारायचं होतं तं इचारलं काऊन नाही?”

“विचारायची लाज वाटे.”

“मंग आज नाही वाटली?”

“आज तुमी झोपून राह्यले ना, बाबा,” भागवत म्हणाला आणि रडायला लागला.

मग मात्र कोणाला विषय शोधावा लागला नाही. झुंबरबाईंनी विचारलं, माहेरच्या वाटणीत माह्या नावाची आंब्याची दोन झाडं होती, ती कुठं गेली. भगवानराव म्हणाले, तोडून तुह्याच लग्नाच्या मांडवाला घातली. विमलबाईंनी विचारलं, नळी बसवायच्या आधी मले काऊन नाही विचारलं, सुनेलेच काऊन विचारलं. ते म्हणाले, तू नाही म्हणली असतीस. प्रत्येक प्रश्नाला त्यांचे डोळे थोडे अधिक उघडत गेले, आणि मध्ये मध्ये प्रेरणा सगळ्यांना हातानं गप्प करून श्वास मोजत होती. गाडी आली तेव्हा आंब्याच्या झाडांवरून वाद चालू होता.

*

बुलडाण्याच्या दवाखान्यात लघवीची नळी घालून पोट मोकळं केलं आणि रात्रभर लक्ष ठेवलं. उतारा द्यावा लागला नाही. डॉक्टर मलिहांनी पाठीतल्या औषधाचं प्रमाण कमी केलं आणि खाजेसाठी काय करायचं ते भागवतला फोनवर दोनदा म्हणून दाखवायला लावलं. नळी काढायचं कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर पहिलं औषध द्यायची वेळ झाली. प्रेरणानं हात धुतले, मधल्या खोलीत गेली आणि सवयीनं दाराला हात घातला. दारात तिघंही उभी होती.

“आमी पाह्यनार,” झुंबरबाई म्हणाल्या.

“मंग तोंडाला कापड बांधा. अन् हात धुवा. अन् बोलायचं नाही.”

वाद झाला नाही. झुंबरबाईंनी पदर नाकावरून घेतला, भागवतनं रुमाल बांधला, विमलबाईंनी टॉवेल. तिघं खाटेभोवती उभी राहिली. प्रेरणानं नळीचं टोक पुसलं, पुन्हा पुसलं, आणि औषध सावकाश सोडलं. तिच्या बोटांकडे सहा डोळे लागले होते. भागवतला या वेळीही घेरी आल्यासारखं झालं, पण त्यानं खाटेचा पाय धरला आणि पाहत राहिला.

“दरोडा पडल्यासारखं वाटून राह्यलं,” भगवानराव म्हणाले. कोणी हसलं नाही, बोलायचं नव्हतं.

औषध देऊन झालं. प्रेरणानं टोपण लावलं तेव्हा झुंबरबाईंनी पदर खाली घेतला. कालपासून त्यांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. “भगवान, एक सांग. चौघं चार येळा गोया घेऊन आले. तुले एकदाबी वाटलं नाही, का हे जास्त होते म्हून?”

“वाटलं.”

“मंग?”

“सगळ्यायनं सांगतलं, कोनाले सांगू नका.”

“अरे, पन नाही म्हनाचं ना! तोंड बंद कराचं!”

भगवानराव छताकडे पाहत पडले होते. दुखणं अजून यायचं होतं आणि ते येण्याआधी औषध पोहोचलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“बाई, दयाराम गेल्यापासून माह्याजवळ कोनी बसत नाही,” ते म्हणाले. “औषध देतात, उठतात. काल गोळीच्या निमित्तानं एकेक जन येऊन बसला. हात धरला. अजून एखांदी कोनी आनली असती तं तेबी खाल्ली असती मी.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध दिल्यावर त्यांना पडू द्या, खोलीत गर्दी करू नका. प्रेरणाला ते आठवलं. पण ती खाटेच्या कडेवर तशीच बसून राहिली, आणि बाकीच्या तिघांपैकीही कोणी उठलं नाही.